बाबांची फुगे फोडायची बंदूक, डायना २७ : माशीवरचा पितळेचा तुकडा काढू की ठेवू?

फुगेवाला_मिरज

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून लिहितो, कारण नुसता फोटो टाकून 'केवढ्याला जाईल' विचारणाऱ्यांतला मी नाही. विकायची नाहीच.

माझे वडील १९७४ पासून बावीस वर्षं जत्रांमधून फुग्यांचा गाळा लावायचे. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी, चैत्रात जोतिबा आणि मिरजेचा उरूस म्हणजे घरचंच कार्य. फळीवर काळं कापड, खिळ्यांना मुठीएवढे फुगे (मोठे फुगे बाबांना परवडत नसत आणि पटतही नसत), फळीमागे वाळूची पोती, समोर आडवा बांबू. बांबू ते फळी बारा फूट. हे अंतर ते दर जत्रेत पावलांनी मोजायचे, टेपनं नाही.

छर्‍याच्या बंदुका दोन होत्या. एक देशी, ती कधीच भंगारात गेली. दुसरी ही. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली, आधीचा मालक कोण ते माहीत नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली. परवा रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली सापडली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कुणी हात लावलेला नाही.

वर्णन करतो. नळकांड्यावर एका बाईचं चित्र कोरलंय : बंदूक डोक्यावर उंच धरलीय आणि धनुष्य टाकून दिलंय. खाली 'डायना', 'मॉडेल २७', 'मेड इन जर्मनी'. नळीवर ४.५ चा आकडा. डाव्या बाजूला, दस्त्याच्या कडेला अगदी लागून बारीक आकडे आहेत, '०३ ६४'. हा परवाना क्रमांक आहे की काय?

तब्येत अशी : नळी मोडली (म्हणजे बिजागरीवर खाली पाडली) की स्प्रिंग ताणली जाते, चाप लागतो, पण चाप ओढला की आत 'खण्ण' असा भांडं पडल्यासारखा आवाज होतो आणि छर्रा नळीतच राहतो. लाकडी काडीने ढकलून काढावा लागला. नळकांड्यावर मोहरीएवढे गंजाचे खड्डे. दस्ता काळाकुट्ट, हाताला चिकट. आणि पुढच्या माशीवर (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) कुणीतरी पितळेचा तुकडा डाग देऊन बसवलाय. उंटाच्या पाठीवर मदारी बसावा तसा दिसतो. हा कंपनीचा नसणार हे मलाही कळतं.

आमच्या इथला एक पॉलिशवाला म्हणतो, चाकावर घासून काळा पावडर कोट मारतो, दस्त्याला चकचकीत लॅकर, तो तुकडा उडवून माशी मूळची करतो. 'शोरूममधली वाटेल.' मन होतंय. पण आधी विचारावं म्हटलं.

टर्नर_निवृत्त, चिंचवड

पहिलं काम : चाप ओढणं बंद. आत्ता, ताबडतोब. तो 'खण्ण' म्हणजे आतला दट्ट्या उशीशिवाय पुढच्या भिंतीवर आपटतोय.

दुसरं : पॉलिशवाल्याला नमस्कार करून परत पाठवा.

आता ऐका. तुम्ही हिला बंदूक समजताय, ती आहे पंप. घरात पितळी स्टोव्ह होता ना? पंप मारून मारून हवा भरत नसली की आई काय करायची? दांडा बाहेर ओढून कातड्याचा वायसर बघायची. सुकून आक्रसलेला असायचा. बोटाने फाकवून, खोबरेल चोपडून परत घातला की स्टोव्ह भणभणायला लागायचा. तुमच्या बंदुकीत तोच वायसर आहे, फक्त मोठा, आणि त्याला हाताऐवजी स्प्रिंग ढकलते. स्प्रिंग सुटली की दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते, एका बारीक भोकातून छर्‍याच्या बुडाशी जाते. वायसर सुकला की हवा कडेने मागे पळते. छर्‍याला जोर नाही आणि दट्ट्याला हवेची गादी नाही. म्हणून छर्रा अडकतो आणि आवाज भांड्याचा येतो. दोन्ही दुखणी एकाच आजाराची आहेत.

उघडायच्या आधी एक करून बघा. नळी मोडा. नळकांड्याच्या तोंडावर मधोमध भोक दिसेल. दस्ता खाली, तोंड वर अशी बंदूक कोपऱ्यात उभी करा आणि त्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडा. गंज सोडवायचे स्प्रे मारू नका, ते कातड्याला धुऊन काढतात. रात्रभर राहू द्या. सकाळी एक छर्रा भरून वाळूच्या पोत्यात मारा. धूर येईल, आवाजही मोठा येईल, घाबरू नका. दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेटतं, डिझेल इंजिनाचं तेच तत्त्व. पण चार-पाच बारांनंतरही धूर येत राहिला तर तेल जास्त झालंय.

'०३ ६४' हा परवाना नव्हे, जन्मतारीख आहे. मार्च १९६४. चाकावर घासून घेतलीत तर जन्मतारीखही जाईल आणि बाईचं नाकही.

आणि त्या पितळेच्या तुकड्याबद्दल मला उत्सुकता आहे. माशी उंच कोण करतं? ज्याची बंदूक वर मारते तो. मला दोन मापं हवीत. तुकड्याची उंची मिलिमीटरमध्ये, आणि नेम धरायची मागची खाच ते पुढची माशी हे अंतर. व्हर्नियर नसेल तर शाळेची पट्टी चालेल. आणखी एक सांगा, मागच्या खाचेचं चाक फिरवून खाच किती खाली आहे?

क्लाईडकाठचा, ग्लासगो

अभिनंदन फुगेवाले! २७ हे फार सुंदर माप आहे, ना जड ना पोरकट.

ती बाई म्हणजे शिकारीची रोमन देवता डायना. हवेची बंदूक मिळाल्यावर तिने धनुष्य फेकून दिलं, अशी त्या छापाची गंमत आहे. कारखाना जर्मनीत रास्टाटला. याकोब मायर आणि योझेफ ग्रामेल्सपाखर या दोघांनी १८९० मध्ये काढलेला. खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून तिथली यंत्रसामग्री आणि 'डायना' हे नावसुद्धा ब्रिटनला आलं. मिलब्रो नावाच्या कंपनीने इथे मदरवेलला (माझ्या घरापासून अर्ध्या तासावर) डायना बनवायला सुरुवात केली. पुढे जर्मन कारखाना परत उभा राहिला, पण ब्रिटनमध्ये त्यांना स्वतःचंच नाव वापरायची बंदी. मग त्यांनी माल 'ओरिजिनल' या नावाने विकला. नाव गेलं तर गेलं, टोमणा राहिला! १९८४ मध्ये नाव परत मिळालं. तोवर तीच २७ अमेरिकेत 'विंचेस्टर ४२७' आणि 'हाय-स्कोअर ८०७' म्हणूनही फिरत होती. त्यामुळे 'मेड इन ग्रेट ब्रिटन' छापलेली डायना दिसली की लोक नकली म्हणतात, ते चूक. ती सावत्र बहीण.

माझ्याकडे बीएसए या इंग्रजी कंपनीच्या हवेच्या बंदुका तीन आहेत, त्यातली एक पहिल्या महायुद्धाच्या आधीची, लिंकन जेफ्रीज या बंदूककाराच्या रचनेची. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून हवेच्या बंदुकीलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, आणि बायको म्हणते ते प्रमाणपत्र तिलाही विचारून द्यायला हवं होतं.

टर्नरकाकांना अनुमोदन. नवा काळा रंग देऊ नका. झिजलेलं काळं आणि त्याखालून दिसणारं राखाडी लोखंड, हीच तिची खरी कातडी. गंजावर तेल टाकून सर्वांत बारीक स्टील वूलने हलक्या हाताने चोळा, लाल निघेल, काळं राहील. खड्डे राहतील. राहू देत. दस्ता बीच लाकडाचा आहे. चिकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने काढा, मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस. लॅकर मारलेल्या दस्त्याला गाल लावला की प्लास्टिकच्या बादलीला गाल लावल्यासारखं वाटतं.

हापूस_देवगड

छान माहिती. दुरुस्त झाली की सांगा कशी मारते, मलाही एक घ्यायची आहे. वानरांनी बागेत उच्छाद मांडलाय. .२२ घेऊ की .१७७ (नळीचं माप, इंचात)? लांबून एक बसला की परत येणार नाहीत.

दहामीटर, पुणे

देवगडकर, नको. वानर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी छर्‍याने जनावर मरत नाही, आत शिसं घेऊन आठवडाभर सडतं. वनखात्याशी बोला. या धाग्यावर हा विषय इथेच थांबवूया.

फुगेवाले दादा, मी बारा वर्षं १० मीटर एअर रायफल खेळले, आता मुलांना शिकवते. तीन गोष्टी.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७, आणि ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. .२२ असली तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो, म्हणून नळीवरचा आकडा बघितलात ते बरं केलंत. तरी प्रवासात नेताना पिशवीत झाकून, नळी रिकामी, आणि ओळखपत्र बरोबर. बसस्टँडवर लांबून कुणाला कळत नाही की ही फुगे फोडायची आहे.

जूल काढायला अवघड नाही. छर्‍याचं वजन किलोमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. आमच्या क्लबवर वेगमापक आहे. पुण्याला आलात तर मोजून देते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काकांच्या थेंबांनी भागलं नाही आणि उघडायची वेळ आली तर स्प्रिंग आत दाबलेल्या अवस्थेत असते, बंदूक ताणलेली नसतानासुद्धा. मागच्या दोन खिळ्या ठोकून काढल्या की आतला चापाचा सगळा ठोकळा पोटात येतो. मी हे बघितलंय, पोट माझं नव्हतं. सुताराचा लांब शिकंजा लावून, मागून दाब देऊन मगच खिळ्या काढायच्या आणि हळूहळू सैल सोडायचं. रास्टाटच्या युद्धानंतरच्या २७ मध्ये चापाच्या यंत्रात तीन पोलादी गोळ्या असतात, दट्ट्याचा दांडा त्याच धरून ठेवतात. उघडाल तेव्हा खाली परात ठेवा.

आणि छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवा. शिसं आहे. आमची पोरं छर्रे तोंडात धरायची, आम्हीही धरायचो, आता आठवलं की कसंतरी होतं.

फुगेवाला_मिरज

सगळ्यांचे आभार. थेंब टाकले. सकाळी पहिला बार धुरासकट गेला, दुसरा बरा, पाचव्याला परत फुस्स. म्हणजे वायसर गेलेलाच आहे.

मापं : तुकडा ७ मिलिमीटर. खाच ते माशी ४० सेंटिमीटर, थोडं कमी-जास्त. मागची खाच पार तळाला आहे, चाक आणखी खाली फिरत नाही.

टर्नर_निवृत्त, चिंचवड

वाटलंच होतं.

सातला चारशेने भागा, ०.०१७५. म्हणजे तुकड्याशिवाय ही बंदूक दहा मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर वर मारत होती. आणि तुमच्या बाबांच्या बारा फुटांवर साधारण साडेसहा. फुगा मुठीएवढा म्हणालात ना? मध्यावर नेम धरला तर छर्रा फुग्याच्या डोक्यावरून जाणार. खाच तळाला नेऊनही एवढं उरलं, तेव्हा कुणीतरी शांत डोक्याने माशी उंच केली. अंदाजाने नव्हे, कानशीने थोडं थोडं उतरवत. ज्याने केलं त्याला हात होता.

आता बंदूक एवढी वर का मारायला लागली? कारखान्यातून अशी येत नाही. दस्ता काढा, नळीला बाजूने एक ताणलेला दोरा लावा आणि नळी जिथे ठोकळ्यात शिरते त्याच्या अगदी पुढे बघा. नळी वरच्या बाजूला किंचित वाकलेली दिसेल. मी पैज लावतो.

हे एकाच कारणाने होतं. नळी मोडलेली, स्प्रिंग ताणलेली, आणि कुणीतरी तशातच चाप ओढला. मग स्प्रिंग नळीला झटक्यात वर फेकून बंद करते. नळीचं मूळ जागच्या जागी थांबतं, टोक मात्र वर जाऊ बघतं आणि मुळाशी वाक येतो. आवाज असा होतो की अख्खी जत्रा वळून बघेल. बहुधा लहान मुलांच्या हातून होतं. बोट मध्ये सापडलं तर बोट जातं.

वाक काढता येतो. लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर नळी ठेवून, मध्ये चामडं घालून, थोडं थोडं दाबत, बघत, परत दाबत. मी आठ-दहा सरळ केल्यात. मग तुकडा काढून टाका, माशी मूळची. तुम्ही ठरवा.

फुगेवाला_मिरज

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा.

दोरा लावला. वाक आहे. काका, पैज तुम्ही जिंकलात.

१९८३ चं पुसेगाव. मी नऊ वर्षांचा. बाबा समोरच्या हॉटेलात चहा आणायला गेले होते आणि गाळ्यावर मी. माझं काम फुगे फुगवून खिळ्यांना बांधायचं, बंदुकीला हात लावायचा नाही. मी लावला. नळी मोडून, दोन्ही गुडघ्यांत धरून ताणली, छर्रा घालायच्या आधी बोट चापावर गेलं. काकांनी लिहिलाय तसाच आवाज झाला. शेजारचा पाळणेवालासुद्धा वळला. बोट वाचलं, नख काळं झालं. मी बंदूक बांबूवर ठेवली आणि फुगे बांधायला लागलो.

संध्याकाळी गिऱ्हाईकं चुकायला लागली. एकामागून एक. बाबांनी स्वतः मारून बघितलं, छर्रा वर. मला विचारलं, कुणी आपटली का? मी म्हणालो, एका गिऱ्हाईकाच्या हातून पडली. बाबा 'बरं' म्हणाले. माझ्या बोटाकडे बघितल्याचं मला आठवतंय, पण ते नंतर मी माझ्या मनाने जोडलंय की खरंच बघितलं, ते आता सांगता येत नाही.

त्या रात्री ते जत्रेतल्या कल्हईवाल्याकडे बसले होते. मला वाटलं गप्पा मारतायत. पितळेचा तुकडा तिथलाच असणार, आणि कथील तर कल्हईवाल्याकडे असतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, बाबा कानस घेऊन बसले आणि एक बार, एक घास, एक बार, एक घास. मी छर्रे पुरवत होतो. ही सगळी खटपट मला आठवत होती, फक्त ती कशासाठी होती ते आज चाळीस वर्षांनी इथे वाचून कळलं. माझ्या डोक्यात ती 'बाबांची बंदुकीची साफसफाई' म्हणून बसली होती.

ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी : बऱ्याच गाळ्यांवर माशी मुद्दाम वाकडी असायची, फुगे वाचावेत म्हणून. वाकडी बंदूक बाबांना आयती मिळाली होती. धंद्याच्या हिशेबाने ती तशीच ठेवण्यात फायदा होता.

पॉलिशवाल्याला नाही म्हणून सांगितलं. नळी सरळ करत नाही. वायसर मात्र बदलायचाय. कातडं कुठलं?

टर्नर_निवृत्त, चिंचवड

बरोबर केलंत. नळी वाकडी आणि माशी उंच, दोन्ही मिळून हिशेब जुळलेला आहे. एकाला हात लावला तर दुसऱ्यालाही लावावा लागेल.

कातडं : बाजारातलं मऊ, रसायनात कमावलेलं नको, ते आकार धरत नाही. तुम्ही मिरजेत बसून मला चिंचवडला काय विचारता? कोल्हापूरला जा. चपलांचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, वायसरला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, चपलेच्या तळव्याचा नको, तो फार कडक. चकती कापून पाण्यात भिजवा. नळकांड्याच्या आतल्या मापाची एक लोखंडी कडी आणि तिच्यात कातड्याची जाडी सोडून बसेल असा गोल ठोकळा घ्या. मधून बोल्ट घालून आवळा. वाटीचा आकार येईल. दोन दिवस सावलीत. उन्हात ठेवलंत तर परत पहिल्यापासून. मग काठ धारदार पात्याने सरळ कापा, तेलात रात्रभर बुडवा, आणि दट्ट्यावर मधल्या स्क्रूने बसवा. घालताना वाटीची कड दुमडू देऊ नका.

कडी आणि ठोकळा मी लेथवर करून पाठवतो. नळकांड्याचं आतलं माप आधी नीट घ्या. पट्टीने नाही!

क्लाईडकाठचा, ग्लासगो

आमच्याकडे कातड्याला गुरांच्या खुरांचं तेल वापरतात, नीट्सफूट म्हणतात त्याला. पण कोल्हापुरी कातडं डायनाच्या पोटात, ही गोष्ट मी इथल्या क्लबात सांगणार आहे. थोडं कातडं कुरिअरने पाठवाल का? माझ्या बीएसएलाही एक वायसर हवाच आहे.

फुगेवाला_मिरज

तीन आठवड्यांनी कळवतोय.

कोल्हापुरात ज्यांच्याकडे गेलो त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कशासाठी हवं ते ऐकलं, आतून एक जुना कापलेला काठ आणला, दातांत धरून वाकवून बघितला आणि म्हणाले, 'हे घ्या, हे पखालीचं काम करणारं कातडं आहे.' पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी एक चपलांचा जोड घेतला. जोड चावतोय.

पहिली वाटी फाटली, दुसरी तिरकी झाली, तिसरी बसली. काकांची कडी कुरिअरने आली, तिच्यावर बारीक अक्षरात 'परत पाठवणे' असं कोरलेलं आहे. काका, पाठवतो.

शिकंजा भाड्याने आणला. खिळ्या निघाल्या, ठोकळा पोटात आला नाही. गोळ्या पडल्या, परातीतच पडल्या, पण परातीतून एक उडून सिलिंडरच्या गाडीखाली गेली. गल्लीतली चार पोरं आणि एक चुंबक, पाऊण तास. बसवताना तिन्ही ग्रीसने चिकटवल्या. स्प्रिंग थोडी वाकडी झालीय, पण मूळची आहे, तीच ठेवली.

दस्ता टर्पेंटाइनने पुसला तर खालून गव्हाळ रंग निघाला. डाव्या बाजूला, जिथे बांबूवर टेकायची, तिथे बोटभर खोल घसरण पडलीय. ती तशीच ठेवली. जवसाच्या तेलाचे चार हात दिले, घराला अजून वास आहे.

पुण्याला ताईंच्या क्लबवर मोजली. ०.५२ ग्रॅमचा छर्रा, वेग सेकंदाला १५८ मीटर. साडेसहा जूल. वीसच्या खूपच आत. त्यांच्या पोरांनी आपापल्या झगमगत्या रायफली बाजूला ठेवून हिच्याभोवती गर्दी केली, त्यातल्या एकीने विचारलं, 'काका, ही माशी कस्टम आहे का?' मी हो म्हणालो.

काल परसात फळी लावली. काळं कापड, पाच खिळे, पाच फुगे, बारा फूट. पावलांनी मोजले. माझी पावलं बाबांपेक्षा मोठी, तेव्हा तेरा झाले असतील. चार फुटले. पाचवा छर्रा खिळ्यावर, खिळा वाकला.

दहामीटर, पुणे

खिळ्यावर?! छर्रा उलटा येतो दादा. मागे काय होतं आणि डोळ्यांवर चष्मा होता का?

फुगेवाला_मिरज

मागे वाळूचं पोतं. चष्मा होता, वाचायचा.